घरी बर्न केलेल्या डीव्हीडी वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लागत नाहीत

मलप्रभाकाठ · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत. दोन्ही देणगीतून आलेले, म्हणजे कुणाला तरी नको झालेले. एकावर विंडोज ९८, दुसरा पेंटियम ४, त्यावर विंडोज एक्सपी. इंटरनेट नाही. पावसाळ्यात मोबाइलची रेंजसुद्धा चढावर जाऊन शोधावी लागते.

यात्रेतली नाटकं, भजन स्पर्धा, कुस्तीचं मैदान, बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ असं चित्रण गावात घरोघरी विखुरलेलं होतं. ते गोळा करून मी माझ्या लॅपटॉपवर (विंडोज ११, यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर) डिस्क तयार करते आहे. एक संच वाचनालयाला, एकेक प्रत त्या नाटकांत कामं केलेल्या म्हाताऱ्या मंडळींना.

लॅपटॉपवर सगळ्या डिस्क व्यवस्थित लागतात. वाचनालयात मात्र एकेकीची एकेक तऱ्हा. भजनाची डिस्क एक्सपीवर घातली की उघडते, पण आत काहीच नाही, कोरी. चित्ररथाच्या डिस्कमधल्या फायली दिसतात, आवाज येतो, चित्राच्या जागी काळा पडदा. नाटकाची लागते, चित्रही येतं, पण सारखं अडखळतं. संवाद एकीकडे, ओठ दुसरीकडे. कुस्तीची डिस्क घातली की ड्राइव्ह बराच वेळ घरघरतो आणि शेवटी "डिस्क घाला" म्हणतो. ९८ वाला कॉम्प्युटर तर यातली एकही घेत नाही, पण लग्नाच्या जुन्या व्हीसीडी त्यावर झकास चालतात.

शिवाय २००७ च्या नाटकाची एक छोटी डिस्क आहे, हॅंडीकॅमवर घेतलेली. ती कुठेच लागत नाही, लॅपटॉपवरसुद्धा नाही.

डिस्कच खराब लागल्या का? दुसऱ्या कंपनीच्या आणू?

---

सांबरा_एक्सप्रेस · सोमवार, रात्री १०:०५

ताई, एवढा कुटाणा कशाला? एक पेनड्राइव्ह घ्या, टीव्हीच्या मागं लावा, विषय संपला. डिस्क कोण बघतंय आता.

---

मलप्रभाकाठ · सोमवार, रात्री १०:२०

वाचनालयात टीव्ही नाही. आणि ज्यांना प्रती द्यायच्या आहेत त्यांच्याकडे डीव्हीडी प्लेअर नाहीतर मुलांनी मागे सोडलेला जुना कॉम्प्युटर आहे. "पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढा" हे शिकवण्यापेक्षा डिस्क हातात देणं सोपं. डिस्कवर नाटकाचं नाव लिहिता येतं, ती भिंतीवरच्या कप्प्यात उभी राहते आणि नातवंडं तीवर गेम भरत नाहीत.

---

टिळकवाडीकर · सोमवार, रात्री १०:५०

पेनड्राइव्हनेही सुटलं नसतं. ६४ जीबीचे बरेच पेनड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या नव्या मांडणीत फॉरमॅट होऊन येतात, आणि साध्या एक्सपीला ते कळत नाही; त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं वेगळं अपडेट टाकावं लागतं. ९८ ला तर साध्या पेनड्राइव्हसाठीही ड्रायव्हर शोधत फिरा.

धागाकर्त्या ताईंनी एक चांगलं केलं, प्रत्येक डिस्कचं लक्षण वेगळं सांगितलं. नाहीतर लोक "डिस्क चालत नाही" एवढंच म्हणतात आणि आपण अंधारात दगड मारत बसतो. इथे किमान पाच वेगळे रोग आहेत. कंपनी बदलून त्यातला एखादाच बरा होईल, कदाचित तोही नाही. नवीन काही विकत आणायच्या आधी एवढं बघून सांगा:

प्रत्येक डिस्कवर बारीक अक्षरात काय छापलंय? डीव्हीडी वजा आर, अधिक आर, की आरडब्ल्यू?

बर्न करताना विंडोजनं सुरुवातीला दोन पर्याय दिले असतील, "यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी" आणि "सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी". कोणता निवडला होता?

डिस्कवर नुसत्या मोबाइलच्या फायली टाकल्यात, की "व्हिडिओ टीएस" नावाचं, रीतसर डीव्हीडीत असतं ते फोल्डर आहे?

आणि दोन्ही कॉम्प्युटरच्या ड्राइव्हच्या तोंडावर कोणतं चिन्ह आहे?

---

गल्लीतला_बंड्या · सोमवार, रात्री ११:१५

यात एक भर. डिस्क किती भरली तेही बघा. आमच्या मंडळानं एकदा गणपतीच्या मिरवणुकीच्या पन्नासेक डीव्हीडी वाटल्या. ज्या पोराकडं काम होतं त्यानं डेस्कटॉपवरचे शॉर्टकट ओढून बर्न केले. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळ्या लागायच्या, बाकी अख्ख्या गल्लीत एकाकडंही नाहीत. डिस्कवर होते जेमतेम काही केबी!

---

टिळकवाडीकर · सोमवार, रात्री ११:२५

हे विनोदी वाटतं, पण दुरुस्तीला येणाऱ्या डिस्कांत अशा नेहमी असतात. भावंडं दोन: मूव्ही मेकर या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल बर्न करणं (त्यात चित्र नसतंच, कुठल्या फायली कशा जोडायच्या याची फक्त टिपणं असतात), आणि आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) तशीच डेटा म्हणून डिस्कवर टाकणं. डिस्क उघडल्यावर आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसली तर ती "इमेज" म्हणून बर्न झालेली नाही, नुसती नकलून ठेवली आहे.

---

मलप्रभाकाठ · मंगळवार, सायंकाळी ७:३०

आज वाचनालयात जाऊन सगळं लिहून आणलं.

भजन: डीव्हीडी वजा आर. विंडोजचा पहिला पर्याय, पेनड्राइव्हसारखी. रायटरची केबल मी डिस्क आत असतानाच काढली होती, हेही सांगून ठेवते.
चित्ररथ: वजा आर, दुसरा पर्याय, आत भाच्याच्या आयफोनच्या फायली.
नाटक: वजा आर, डीव्हीडीस्टायलर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली, "व्हिडिओ टीएस" आहे.
कुस्ती: आरडब्ल्यू. चूक झाली तर पुसता येईल म्हणून घेतली.

एक्सपीच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचं चिन्ह आहे. ९८ च्या ड्राइव्हवर फक्त "कॉम्पॅक्ट डिस्क" आणि ५२एक्स.

---

टिळकवाडीकर · मंगळवार, रात्री ८:१५

९८ चा प्रश्न निकालात निघाला. तो सीडी-रॉम आहे, त्यात डीव्हीडी कधीच लागणार नाही, सॉफ्टवेअर कुठलंही टाका. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. सीडीवरच्या दोन ओळींमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४. त्या जाड किरणाला डीव्हीडीच्या ओळी वेगळ्या दिसतच नाहीत. त्याला सीडीच द्या.

भजनाची डिस्क. पहिला पर्याय निवडला की विंडोज यूडीएफ (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) २.०१ मध्ये लिहितं, आणि फायली लागतील तशा एकेक करून भरत जातं. विंडोज ९८ ला यूडीएफ १.०२ पर्यंतच वाचता येतं, २००० ला १.५० पर्यंत, एक्सपीला २.०१ पर्यंत. म्हणजे तुमचा एक्सपी ही डिस्क वाचू शकला असता. पण ईजेक्ट केल्यावर सेशन, म्हणजे लिहिण्याची ती खेप, बंद होतं, आणि केबल ओढली तर ते उघडंच राहतं. जुन्या ड्राइव्हला उघडं सेशन कोरं दिसतं. ती डिस्क परत लॅपटॉपमध्ये घाला, ड्राइव्हवर राइट क्लिक करा, "क्लोज सेशन" द्या. बहुतेक तेवढ्यानं काम होईल. पुढच्या वेळी सरळ दुसरा पर्याय घ्या.

कुस्ती. आरडब्ल्यूचा पृष्ठभाग साध्या डीव्हीडीपेक्षा बराच कमी प्रकाश परत फेकतो, जवळपास दोन थरांच्या डिस्कइतका. जुना ड्राइव्ह ती दोन थरांची समजतो, दुसरा थर शोधत बसतो आणि दमतो. घरघर त्याची. वजा आर वर पुन्हा बर्न करा.

चित्ररथ आणि नाटकाचं उद्या लिहितो, आता घरात जेवायला बोलावणं आलंय.

---

निपाणीचा_फोटोवाला · मंगळवार, रात्री ९:००

नमस्कार. मी टेपच्या जमान्यापासनं लग्नाचं शूटिंग करतोय, म्हणून ९८ च्या कॉम्प्युटरबद्दल मी सांगतो. त्याला व्हीसीडी करून द्या, लई सोपं हाय.

व्हीसीडी म्हणजे एमपेग-१, चित्र दाबून बसवायची जुनी पद्धत. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम, चित्राला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. एवढं ते जुनं मशीन हसत हसत ओढतं, आणि ९८ च्या मीडिया प्लेअरला एमपेग-१ जन्मापासनं येतंय. ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटांचं चित्र बसतं. तीच फाइल साधा डेटा म्हणून टाकली तर ७० मिनिटंच बसतात. कारण डेटा सीडीत एका सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्यात) २०४८ बाइट, व्हीसीडीत २३२४. ती वाढीव जागा कुठनं आली? चुका दुरुस्त करायची जी सोय असते ती काढून टाकलेली हाय. म्हणून चरा पडलेली व्हीसीडी चौकोन चौकोन दाखवत का होईना पुढं जाते, पण कॉपी करायला गेलं की विंडोज तिथंच अडकतं.

सीडी-आर च घ्या. सीडी-आरडब्ल्यू नको, लई जुन्या सीडी-रॉमला ती दिसत न्हाई. जे डीव्हीडी-आरडब्ल्यूचं रडगाणं तेच हितं.

आणि कायबी झालं तरी ४एक्सच्या वेगानं बर्न करा. घाईनं बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेअरवर चालत न्हाई, हा माझा आजवरचा अनुभव.

---

टिळकवाडीकर · बुधवार, सकाळी ७:४५

व्हीसीडीबद्दल पूर्ण सहमत. वेगाबद्दल नाही.

४एक्सचा नियम त्या काळचा आहे जेव्हा डिस्कच ४एक्स-८एक्सच्या मिळायच्या. आता मिळणाऱ्या १६एक्सच्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर जास्त वेगासाठी जुळवलेला असतो, आणि नव्या रायटरमध्ये त्या डिस्कला कमी वेगात किती शक्तीनं लिहायचं याची गणितंही नीट बसवलेली नसतात. फार हळू लिहून डिस्क उलट वाईट झाल्याचं मी चाचणी करून पाहिलं आहे.

---

निपाणीचा_फोटोवाला · बुधवार, सकाळी ८:१०

चाचणी तुमची बरोबर असंल ओ. पण माझी चाचणी गिऱ्हाईक करतंय. ८एक्सच्या डिस्का परत आल्या, ४एक्सच्या आल्या न्हाईत.

---

टिळकवाडीकर · बुधवार, सकाळी ८:३०

त्या परत आलेल्या डिस्क कोणत्या ड्राइव्हवर लिहिल्या होत्या आणि कोणत्या वर्षी, हे कळल्याशिवाय त्यावरून नियम काढता येत नाही. असो. ताईंच्या बाबतीत हा वाद तसाही लहान आहे. त्यांचा बाहेरचा बारीक रायटर डीव्हीडी ८एक्सच्या पुढे लिहीतच नाही. त्यांनी एकाच नाटकाच्या दोन प्रती कराव्यात, एक ४ वर, एक ८ वर, दोन्हींवर पेननं आकडा लिहावा आणि वाचनालयातल्याच ड्राइव्हवर लावून बघाव्यात. तो ड्राइव्ह जे म्हणेल ते खरं.

महत्त्वाचं वेगळंच आहे. हे बारीक रायटर यूएसबीतूनच वीज घेतात. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. लिहिताना लेसरला जास्त लागते. हबला किंवा लांब केबलला लावला तर बर्न पूर्ण झाल्यासारखा दिसतो, पण शेवटचा भाग कच्चा राहतो. लॅपटॉपच्या निळ्या पोर्टला थेट लावा, दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा. बर्न झाल्यावर "व्हेरिफाय" (लिहिलेलं परत वाचून तपासणं) कराच.

---

चंदगडी · बुधवार, दुपारी १:२०

वेगाच्या वादात दोघांनाही +०.५.

पुसटसा मुद्दा: डीव्हीडी अधिक आर असती तर आणखी एक युक्ती होती. इमगबर्न या बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, रायटरनं साथ दिली तर, डिस्कचा "बुक टाइप" बदलून तिला डीव्हीडी-रॉम असं सांगायला लावता येतं. जुना ड्राइव्ह फसतो आणि छापील डिस्क समजून वाचतो. वजा आर वर हे होत नाही.

---

टिळकवाडीकर · बुधवार, रात्री ९:१०

आता उरलेल्या दोन.

चित्ररथ: हल्लीचा आयफोन सेटिंग बदललं नसेल तर एचईव्हीसी या चित्र दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत चित्रण करतो. एक्सपीवर व्हीएलसी प्लेअरची जुनी आवृत्ती असणार, तिला हा प्रकार माहीतच नाही. आवाजाची पट्टी ओळखते, चित्राची सोडून देते. व्हीएलसीची ३.० मालिका एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वर चालते, ती टाकली तर चित्र येईल. पण पेंटियम ४ ला ते उलगडणं झेपणार नाही, एकेक फ्रेम मोजत बघावं लागेल. प्लेअर बदलण्यापेक्षा फाइल बदला. डीव्हीडीस्टायलरमध्ये टाकून नाटकासारखीच रीतसर डीव्हीडी बनवा, एमपेग-२, ७२० बाय ५७६. ती घरच्या डीव्हीडी प्लेअरवरही लागेल, फाइल टाकलेली डिस्क तिथेही लागली नसती. एक्सपीच्या मीडिया प्लेअरमध्ये एमपेग-२ चा डिकोडर नसतो, म्हणून बघायला व्हीएलसीच वापरा.

नाटक: यात तुमच्या डिस्कचा काही दोष नाही. हा एक्सपीचा जुना आजार आहे. ड्राइव्हकडून माहिती येताना सहा वेळा गडबड झाली की एक्सपी त्या ड्राइव्हचा डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता माहिती थेट मेमरीत नेणारा मोड) एकेक पायरी उतरवत नेतं आणि अखेर त्याला जुन्या पीआयओ मोडमध्ये टाकतं. आणि परत वर चढवत नाही! वर्षापूर्वी कुणीतरी चरे पडलेली डिस्क घातली असेल, त्याची शिक्षा तुमचं नाटक भोगतंय. पीआयओचा वेग डीव्हीडीला पुरतो, पण प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो. मग चित्र उलगडायला त्याच्याकडे ताकद उरत नाही.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. "आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स" उघडा, त्यात "सेकंडरी आयडीई चॅनल", मग "अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज". "करंट ट्रान्सफर मोड" पुढे पीआयओ लिहिलेलं दिसलं तर हाच रोग. वर "डीएमए इफ अव्हेलेबल" निवडा. तरी बदललं नाही तर तो सेकंडरी चॅनलच अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू करा. घाबरू नका, एक्सपी त्याला स्वतः पुन्हा शोधून काढतं.

---

गल्लीतला_बंड्या · बुधवार, रात्री ९:३५

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडं एक्सपी नाही, तरी साठवली.

---

मलप्रभाकाठ · शुक्रवार, रात्री ८:००

पीआयओच होतं! निवड बदलून फरक पडला नाही, चॅनल काढून पुन्हा चालू केल्यावर "अल्ट्रा डीएमए मोड २" आलं. नाटक आता एकदाही न अडखळता चालतं. ग्रंथपाल काका खुर्ची ओढून बसले ते वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी उठेनात.

भजनाची डिस्क सेशन बंद केल्यावर उघडली. कुस्ती वजा आर वर केली, लागली. ४ आणि ८ एक्स दोन्ही प्रती लागल्या, त्यामुळे तुमचा वाद मला मिटवता आलेला नाही.

आता एक नवी अडचण. आणखी एक नाटक आहे, ते तीन तासांचं. एका डिस्कवर बसवलं तर चित्र फार ओंगळ दिसतं. काय करू?

---

निपाणीचा_फोटोवाला · शुक्रवार, रात्री ८:२५

दोन डिस्का करा, मध्यंतरावर तोडा. ४.७ जीबीमध्ये दोन तास बसवायचे तर चित्र-आवाज मिळून सेकंदाला ५.२ मेगाबिट मिळतात, ते चांगलं दिसतंय. तीन तास बसवायचे तर साडेतीनच्या आत यावं लागतं. नाटकात अंधार, रंगीत दिवे, धुराचं मशीन. सगळा चिखल होतो. एकाच डिस्कवर पायजे असंल तर चित्र ३५२ बाय ५७६ करा. बारकावे जरा जातात, पण चौकोन पडत न्हाईत.

---

गल्लीतला_बंड्या · शुक्रवार, रात्री ८:४०

तीन तासांतले पहिले पाऊणेक तास सत्कार, शाल-श्रीफळ आणि "थोडक्यात दोन शब्द" असणार. ते कापा, एका डिस्कवर बसेल.

---

मलप्रभाकाठ · शुक्रवार, रात्री ८:५०

तोच भाग सगळ्यांना हवा आहे. सत्कार झालेल्यांपैकी बरेचजण आता नाहीत. दोन डिस्क करते.

ती २००७ ची छोटी डिस्क तेवढी राहिली. लॅपटॉप म्हणतो कोरी आहे, फॉरमॅट करू का.

---

चंदगडी · शुक्रवार, रात्री ९:३०

नाही म्हणा. फॉरमॅटला होकार देऊ नका, आणि ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

८ सेंटिमीटरची हॅंडीकॅमची डिस्क १.४ जीबीची असते, साधारण अर्ध्या तासाचं चित्रण. कॅमेरा चित्रण लिहितो, पण अनुक्रमणिका "फायनलाइज" केल्यावरच लिहितो. कोणी ते बटण दाबलं नसेल तर आत नाटक आहे आणि बाहेरून डिस्क कोरी दिसते. तो कॅमेरा, निदान त्याच कंपनीचा त्याच जातीचा, मिळाला तर त्यातच फायनलाइज करणं सगळ्यात उत्तम. नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर लावा. ते अनुक्रमणिकेवर अवलंबून न राहता डिस्कवरचं चित्र हुडकतं. बघणं फुकट आहे, काही प्रकारच्या फायली बाहेर काढायला परवाना विकत घ्यावा लागतो. आधी फुकट बघा, काही सापडलं तरच पैसे खर्च करा.

हे काम रायटरमध्येच करा. नुसते वाचणारे डीव्हीडी-रॉम फायनलाइज न झालेल्या डिस्कला सहसा दाद देत नाहीत, रायटर देतात. आणि ट्रे असलेलाच रायटर हवा. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क अडकून बसते.

---

कंग्राळीची_लेक · शनिवार, सकाळी ११:१०

धागा पळवते आहे, रागावू नका. माझ्या लग्नाची डीव्हीडी (२०१०) आहे. फोटोवाल्यानं एक माहेरी दिली होती, एक सासरी. माहेरची अक्षता पडायच्या वेळीच थांबते. सासरचीवर मुलानं खेळण्यातली गाडी चालवली, ती वरातीपाशी अडकते. काही उपाय?

---

निपाणीचा_फोटोवाला · शनिवार, सकाळी ११:४०

आधी पुसून बघा. स्वच्छ सुती फडकं, मधनं कडेकडं सरळ. गोल गोल पुसायचं न्हाई, गोल चरा पडला तर लागोपाठ माहिती जाते, मधनं कडेकडं गेलेला चरा ड्राइव्ह सांभाळून घेतंय. वरती कागदी स्टिकर असंल तर काढायला जाऊ नका, विशेषतः सीडीवर. सीडीत माहितीचा थर वरच्या लाखेच्या लगेच खाली असतो, स्टिकरबरोबर उचकटून येतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरनं जरा दणकट.

---

चंदगडी · शनिवार, दुपारी १२:३०

ताई, तुमचं नशीब चांगलं आहे. दोन्ही प्रती एकाच मूळ प्रतीवरून केलेल्या असतील तर दोन्हीत तोच सेक्टर त्याच जागी असतो, आणि चरे मात्र वेगवेगळ्या जागी.

लिनक्स असलेला कॉम्प्युटर शोधा (पेनड्राइव्हवरून चालवलेलंही चालेल) आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचायचं सॉफ्टवेअर वापरा. सेक्टर आकार २०४८ द्यायचा. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, खराब जागा बाजूला ठेवतं आणि नंतर त्यांच्या मागे लागतं. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. माहेरची डिस्क पूर्ण वाचून झाली की ती काढा, सासरची घाला, आणि तीच इमेज फाइल व तीच मॅप फाइल देऊन पुन्हा चालवा. आता ते फक्त राहिलेल्या जागाच दुसऱ्या डिस्कवरून भरेल.

त्याआधी दोन्ही डिस्कमधल्या फायलींचे आकार बाइटपर्यंत तेच आहेत का बघा. वेगळे असले तर प्रती वेगवेगळ्या बनवल्यात, मग ही भेसळ करू नका. आणि ही पद्धत डीव्हीडीसाठी. व्हीसीडीवर चालणार नाही, तिचे सेक्टर वेगळे असतात, वर सांगितलंच आहे.

---

टिळकवाडीकर · शनिवार, दुपारी १:००

+१. इमेज मिळाल्यावर मूळ डिस्क पुन्हा पुन्हा फिरवू नका. आणि ड्राइव्ह बदलूनही बघा. एकानं नाकारलेला सेक्टर दुसरा वाचतो, मॅप फाइल तिथेही तीच चालते.

---

सांबरा_एक्सप्रेस · शनिवार, दुपारी १:४५

मी पेनड्राइव्ह म्हणालो ते मागं घेत नाही, पण इमेज काढून झाल्यावर एक प्रत हार्डडिस्कवर ठेवा की ओ. एवढं सगळं परत डिस्कवरच?

---

मलप्रभाकाठ · शनिवार, रात्री ९:१५

ठेवली आहे. माझ्या लॅपटॉपवर एक आणि बेळगावात भावाकडे हार्डडिस्कवर एक.

छोटी डिस्क आयसोबस्टरनं उघडली. दोन तुकडे दिसले. पहिला नांदीपासून सुरू होतो, दुसरा मधेच तुटतो, पण त्यात खलनायकाचा प्रवेश आहे आणि गावात सगळे त्याचीच वाट बघत होते. परवाना घेते आहे, वाचनालयाच्या कमिटीनं मंजूर केलं.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे जूनपासून भिंतींना ओल येते. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, डिस्कना धरेल का?

---

निपाणीचा_फोटोवाला · शनिवार, रात्री ९:४०

धरते. प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात ठेवल्या की आधी तिथंच धरते, पाकीट डिस्कला चिकटतं. टणक डबीत उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून न्हाई. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, ओलसर झाल्या की बदला. उन्हात वाळवायला तर अजिबात ठेवू नका, बर्न केलेल्या डिस्कचं रंगद्रव्य उन्हानं उडतं. नाव लिहायचं ते डिस्कसाठीच्या मऊ मार्करनं, बॉलपेननं न्हाई. कागदी गोल स्टिकर तर नकोच, दमट हवेत फुगतो आणि डिस्क वाकडी होते.

---

कंग्राळीची_लेक · रविवार, सायंकाळी ६:२०

आकार बाइटपर्यंत तेच निघाले. दिरानं लिनक्स लावून दिलं. माहेरच्या डिस्कवरून बहुतेक सगळं आलं, सासरचीनं अक्षतांचा तुकडा भरला. वरातीतला थोडा भाग दोन्हीकडे गेलेला आहे, तो आता नणंदेच्या प्रतीवर मिळतो का बघायचं. ती हुक्केरीला असते, दिवाळीला येईल तेव्हा आणायला सांगितली आहे.

---

चंदगडी · रविवार, सायंकाळी ६:४५

तोवर मॅप फाइल पुसू नका. इमेज आणि मॅप एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या इमेजवर दुसरं काही करायचं असेल तर तिची प्रत काढून करा.